आमचो अर्धो तास

हरितालिकेच्या दुपारी आमच्या घरात दोनच माणसं बिनकामाची होती. एक मी आणि दुसरी माझी भाची तनू. बायकांचा उपास, पुरुषमंडळी गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटवी बांधायला चढलेली. तवसं, कवंडाळं, शहाळी, सुपारीचे घोस सगळं ओटीवर पसरलेलं. मी मुंबईहून आलेला, म्हणजे गाठी मारण्याच्या कामाचा नव्हे. तनू अकरावीला, सायन्स. सुट्टी संपली की लगेच परीक्षा, म्हणून तिला कोणी हाक मारायची नाही असा तिच्या आईचा हुकूम.

तर ती पडवीत वही घेऊन बसली होती आणि मी तिच्या वहीत डोकावत होतो, जे कुठल्याही अकरावीतल्या मुलीला आवडत नाही.

गणित असं होतं : एका रेषेचा चढ २ आहे आणि ती (३, ४) या बिंदूतून जाते, तर ती दोन्ही अक्षांना कुठे छेदते? तनूने सूत्र लिहिलं होतं, किंमती घातल्या होत्या आणि वाय-अक्षावर (०, २) असं उत्तर काढून खाली दोन रेघा मारल्या होत्या. चारातून सहा गेले तर उणे दोन उरतात. उणे चिन्ह पावसात वाहून गेलं होतं.

"आकृती काढ बघू," मी म्हटलं.

"आकृतीला मार्क नाहीत, मामा."

मार्क नसले तरी मी काढली. मला ही रेषा नेहमी पायवाटेसारखी दिसते. तू तीनच्या खुणेवर उभी आहेस, चारच्या उंचीवर. चढ दोन म्हणजे एक पाऊल पुढे टाकलं की दोन वर. मग मागे फिर. एक पाऊल मागे, दोन खाली. दुसरं पाऊल, आणखी दोन खाली. आता उंची शून्य. म्हणजे इथेच, एकच्या खुणेवर, एक्स-अक्ष ओलांडला. अजून एक पाऊल मागे, आणखी दोन खाली, आणि आता तू वाय-अक्षावर उभी आहेस, पण जमिनीच्या दोन खाली. (०, −२). सूत्र पाठ नसलं तरी चालेल. कुठे उभे आहोत ते ठाऊक हवं, चढ ठाऊक हवा आणि उलटं चालायची तयारी हवी.

तिने खोडरबर घेतलं, उणे चिन्ह घातलं आणि म्हणाली, "पण हे अक्षावर कुठे छेदते ते कशाला हवंय कोणाला?"

प्रश्न मला नव्हता, पुस्तकाला होता. तरी मला लागला.

चढ हा शब्द शाळेतला. आमच्याकडे तो नुसता उतारासारखाच ऐकू येतो, कारण गावात सपाट असं काही नाहीच. गवंडी चढ म्हणत नाही, तो म्हणतो ढाळ. न्हाणीघराला ढाळ दे, नाहीतर पाणी चुलीकडे येईल. कोकण रेल्वे बांधणाऱ्यांनी तोच ढाळ सबंध किनाऱ्यावर सांभाळला, १५०ला १. म्हणजे दीडशे मीटर पुढे गेलात तर जास्तीत जास्त एक मीटर वर. एवढ्या हट्टापायी करबुड्याला साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणावा लागला. २६ जानेवारी १९९८ला ती गाडी सबंध मार्गावर धावायला लागली तेव्हा मी शाळेत होतो आणि आम्हाला ढाळाचं कौतुक नव्हतं, गाडीचं होतं.

आणि सुतार. आमच्या मागच्या दारी पडवी वाढवायची होती तेव्हा आलेले सुतार चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते. घराच्या वाशांचा ढाळ दोन फुटांना एक फूट. भिंतीवर वासा नऊ फुटांवर टेकलेला. मावशीला आठ फूट रुंद पडवी हवी होती, नारळ आणि लाकडं ठेवायला. सुतारांनी वाशाच्या रेषेत नजर लावली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "सहा फुटांच्या भायर नको. टकला फुटतला." हिशेब बघा : आठ फूट पुढे गेलं की चार फूट खाली, पागोळीजवळ उरतात पाच. सहा फुटांवर थांबलं तर सहा उरतात. मावशीची उंची चार फूट दहा इंच, त्यामुळे तिला हा मुद्दा शेवटपर्यंत पटला नाही. मी तेव्हा लहान, माझ्या डोक्यात भलतंच : हा वासा असाच सोडला तर जमिनीला कुठे टेकेल? अठरा फुटांवर. तिथे माड होता. वासा माडाच्या बुंध्यात शिरताना मला स्पष्ट दिसला.

पण तनूला सांगण्यासारखी गोष्ट पडवीची नव्हती, पाण्याची होती.

आमचं घर कालावलच्या खाडीवर, मसुऱ्याच्या बाजूला. गड नदी सह्याद्रीतून उतरते, आमच्या मागून जाते आणि पुढे तोंडवळी-तळाशीलच्या वाळूच्या लांब पट्टीमागून वळून समुद्राला मिळते. पूल व्हायच्या आधी पलीकडे जायला 'तर' होती, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, आणि ती माझे आजोबा चालवत. आम्ही त्यांना आजो म्हणायचो. तरीचा वेळ पाण्यावर. सुकतीला होडी चिखलात, भरतीला काठाशी. त्यामुळे गावातल्या माणसांचा पहिला प्रश्न "किती वाजले" हा नसे, "पाणी कधी भरतला" हा असे.

आजो घड्याळ वापरत नसत. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघत. (ज्यांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढलं ते जयंत साळगावकर मालवणचेच, त्यामुळे ते कॅलेंडर आमच्याकडे नातेवाइकासारखं टांगलेलं असे.) तिथी बघून बोटांवर काहीतरी करत आणि सांगत, "आज तिनाक." मी एकदा विचारलं, कसं काढता?

"तिथीचो पाऊणपट कर. तेच्यात आमचो अर्धो तास घाल. झाली भरती."

पाऊणपटीचं गणित किनाऱ्यावर जुनं आहे. मुंबईचे कोळीही सांगतात. चतुर्थी असेल तर चारांचे पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती, तेव्हा दुपारची काढली की पहाटेची साधारण साडेबारा तास अलीकडे. सुकती मध्ये, सहा-सव्वासहा तासांनी. इतकं सोपं, की शाळेत जे काही शिकवतात त्याला हे गणित म्हणवत नाही.

"आमचो अर्धो तास" म्हणजे काय हे मात्र मी विचारलं नाही. मला वाटलं आजो सावधपणे थोडा जास्तीचा वेळ धरतात, जसं लग्नाच्या पत्रिकेवरचा मुहूर्त आणि खरा मुहूर्त.

पुढे मी मुंबईला इंजिनिअरिंगला गेलो. दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात घरी आलो तो तीन मित्रांना घेऊन. मित्रांना बेटावर जायचं होतं, खाडीच्या तोंडाजवळ. आजो देवगडला लग्नाला गेलेले. मी होडी काढली. वैशाख शुद्ध षष्ठी होती. सहाचे पाऊणपट साडेचार. मुंबईच्या मित्रांसमोर बोटं मोडत बसायला मला लाज वाटली, म्हणून मी वहीच्या कागदावर वाय बरोबर एम एक्स अधिक सी असं लिहून, एम म्हणजे पाऊण, एक्स म्हणजे सहा, आणि सी शून्य धरून साडेचार काढले. आजोंचा अर्धा तास मी गावंढळ समजून सोडून दिला. साडेचारला भरती, मग साडेसहाला निघालं तरी ओहोटीचे दोनच तास झालेले. पाणी पुष्कळ.

मावशीही आली. तिने डब्यात काळ्या वाटाण्याची सांबारी आणि आंबोळ्या घेतल्या होत्या.

साडेसहाला आम्ही बेटावरून निघालो आणि पावणेसातला होडी थांबली. थांबली म्हणजे रुतली. वल्हं पाण्यात घातलं तर पाणी गुडघ्याएवढंही नाही, खाली लोण्यासारखा काळा चिखल. बघता बघता दोन्ही बाजूंना कांदळाची मुळं उघडी पडायला लागली. पाणी असं जातं हे मी लहानपणापासून बघितलेलं, पण किनाऱ्यावरून. होडीत बसून नव्हे. सुकतीचं पाणी एका वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात पळतं. मी ज्याला दुसरा तास समजत होतो तो तिसरा होता.

आम्ही उतरलो. होडी नांगरली, मावशीला दोघांनी धरलं आणि मांडीएवढ्या चिखलातून सव्वा तासाने काठाला लागलो. मावशीची एक चप्पल त्या खाडीत अजून आहे. सांबारीचा डबा तिने डोक्यावर धरून आणला.

दुसऱ्या दिवशी आजो आले. ऐकून घेतलं. माझा कागद मागितला. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, मी वाचून दाखवलं. पाऊण, सहा, साडेचार.

"हिशोब बरोबर हा रे तुझो," ते म्हणाले. "बंदर चुकला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला निर्देशक भूमितीच्या कुठल्याही तासाला कोणी सांगितलं नव्हतं. पाऊणपट सगळ्यांची. मुंबईची, मालवणची, गोव्याची. ती चंद्राची चाल, ती कोणाला बदलता यायची नाही. पण सुरुवात ज्याची त्याची. भरती आमच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर चढत जाते, गोव्यात आधी, मुंबईला मागाहून. म्हणून आमच्या खाडीच्या तोंडाशी पाऊणपटीतून तास वजा करायचा. आणि तेच पाणी तोंडातून शिरून, वळणं घेत, उथळावरून सरपटत आमच्या तरीपर्यंत येईपर्यंत दीड तास जातो, म्हणून तरीवर अर्धा तास वाढवायचा. मी बेटावर होतो, तोंडापाशी. तिथे भरती साडेतीनलाच होऊन गेली होती. साडेचारला आम्ही बेटावर उतरलो तेव्हा पाणी फिरून तास झाला होता आणि मी मित्रांना म्हणत होतो, बघा, बरोबर भरतीला पोचलो.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर फळ्यावरच्या समांतर रेषा आल्या. तीन रेषा, एकच चढ. मुंबईची वाय-अक्षाला शून्यावर छेदते, आमच्या तरीची अर्ध्यावर, खाडीच्या तोंडाची शून्याच्या खाली, उणे एकवर. उणे एक वाजता म्हणजे काय? म्हणजे बाराच्या एक तास आधी, अकरा. सरांनी उणे अंतर्छेद शिकवला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, उणे कुठे असतं का खरं? सरांनी तापमान सांगितलं. आम्ही कोकणातली मुलं, आमचं तापमान कधी शून्याच्या जवळपासही गेलं नाही. उणे एक आमच्या खाडीच्या तोंडात होतं, रोज.

हे सगळं मी तनूला सांगितलं. तिला मावशीच्या चपलेचा भाग आवडला. मग ती एकदम गप्प झाली आणि तिने असा प्रश्न विचारला जो मला वीस वर्षांत सुचला नव्हता.

"मामा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. मग पौर्णिमेला सव्वाअकराला भरती आणि दुसऱ्या दिवसापासून परत पहिल्यापासून मोजायचं म्हणजे पाऊण तास खाल्ला की कोणीतरी!"

खरंच होतं. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साधारण एकाच वेळी यायला हवी, कारण दोन्हीकडे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रांगेत. म्हणजे पंधरा तिथ्यांत रेषा बरोबर बारा तास चढायला हवी. पाऊणच्या चढाने ती सव्वाअकराच चढते. आम्ही दोघांनी मग कागद घेतला. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंशांनी पुढे सरकणं. अशा तीस तिथ्या झाल्या की चंद्राची एक फेरी पुरी आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यावर येण्याची वेळ पूर्ण चोवीस तासांनी मागे पडते. चोवीस तास भागिले तीस. तासाचे चार पंचमांश. अठ्ठेचाळीस मिनिटं.

तनूला हा नुसता आकडा होता. मी मात्र हसायला लागलो. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे दोन घटका. दोन घटका म्हणजे एक मुहूर्त. भरती दर तिथीला एक मुहूर्त उशिरा येते, इतकं ते नेमकं बसतं, कारण दिवसाचे मुहूर्त तीस आणि महिन्याच्या तिथ्या तीस. आजोंनी अठ्ठेचाळीसचे पंचेचाळीस केले होते, बोटांवर पाऊण पटकन होते म्हणून. चार पंचमांश कोणत्या बोटावर करणार?

(तिथीही सगळ्या सारख्या लांबीच्या नसतात. चंद्र कधी भराभर चालतो, कधी रेंगाळतो; तिथी कधी वीस तासांत संपते तर कधी सव्वीस तास ताणते. जुने पंचांगवाले याला ढोबळमानाने 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणतात, साठ घटकांवर पाच वाढतात, सहा घटतात. म्हणजे ज्या अक्षावर आम्ही रेषा काढत होतो त्याच्यावरच्या खुणाच मुळात सारख्या अंतरावर नव्हत्या. हे मी तनूला सांगितलं नाही. परीक्षा जवळ होती.)

आता तिला चढ मिळाला होता, स्वतः शोधलेला, पुस्तकात नसलेला. तिने विचारलं, "मग आपली सी किती? आजोंचा अर्धा तास बरोबर होता का?"

"बघायचं तर एक बिंदू लागेल," मी म्हटलं.

दुपारचे अडीच होत होते. आम्ही छत्र्या घेतल्या आणि तरीच्या घाटावर गेलो. तर आता नाही, पण चिऱ्याच्या पायऱ्या आहेत, शेवाळाने हिरव्या. तनूने कांदळाची एक काठी पाण्यात रोवली आणि त्यावर करवंटीच्या तुकड्याने खुणा करत बसली. पाणी भरत असतं तेव्हा त्यावर कचरा वरच्या अंगाला जातो : पानं, नारळाची सोडणं, एखादी प्लॅस्टिकची बाटली. मग तो कचरा थांबतो. जागच्या जागी गोल फिरतो. काठीवरची ओल वर सरकत नाही आणि खालीही येत नाही. ही वेळ पाच-दहा मिनिटांची असते आणि त्यातलं नेमकं मिनिट कोणतं यावर भांडण होऊ शकतं. आमचंही झालं. शेवटी दोन वाजून पन्नास मिनिटं ठरली, कारण त्या मिनिटाला एक सोडण समुद्राकडे निघालं.

घाटावरच तिने गणित केलं, छत्री मानेत धरून. आज तृतीया. एक्स तीन. वाय दोन पन्नास. चढ अठ्ठेचाळीस मिनिटं. तीन पावलं मागे : तीन गुणिले अठ्ठेचाळीस, एकशे चव्वेचाळीस मिनिटं, म्हणजे दोन तास चोवीस. दोन पन्नासमधून दोन चोवीस गेले.

"सव्वीस मिनिटं!" ती ओरडली. "मामा, सव्वीस!"

आजो जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी कधी काठी रोवून मिनिटं मोजली नसतील. सव्वीस मिनिटांना अर्धा तास म्हणणारा माणूस होडी चालवण्याच्या लायकीचा असतो असं माझं मत आहे.

मग मी तिला दुसरा अक्ष विचारला. आपल्या घाटावर बरोबर बाराला भरती कधी? ती थोडी अडखळली. सव्वीस मिनिटं खाली उतरायला किती पावलं मागे? सव्वीस भागिले अठ्ठेचाळीस. अर्ध्या पावलाहून किंचित जास्त. शून्याच्या मागे अर्धं पाऊल.

"पण शून्य तिथी असते कुठे?" ती म्हणाली. "अमावास्या आणि मग डायरेक्ट प्रतिपदा."

कॅलेंडरात शून्य नाही. वाय-अक्ष जिथे उभा आहे तिथे पंचांगात काही लिहिलेलं नसतं. अमावास्या संपते तो एक क्षण, बस. आणि त्याच्या मागे अर्धं पाऊल म्हणजे अमावास्येचा मध्य. दर्श अमावास्येच्या दिवशी भर दुपारी आमच्या घाटावर पाणी भरलेलं असतं, हे मला पायांना माहीत होतं. लहानपणी अमावास्येला खाडीवर जायची बंदी असे, भुताखेतांमुळे असं सांगत. उधाणाचं पाणी दुपारी, पोरं जेवून रिकामी व्हायच्या वेळेला, वरच्या पायरीपर्यंत यायचं. भुताची गरज नव्हती.

घरी आल्यावर तनूने वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, वाय = ४८ एक्स + २६, आणि खाली, 'मसुरे तर'. पुस्तकातल्या रेषांना गाव नसतं.

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी गणपती आले आणि आमचा गणपती पाच दिवसांचा. पाचवा दिवस अष्टमी. विसर्जन पूर्ण भरतीला करायची आमच्या वाडीची रीत, मूर्ती पायऱ्यांवरून उतरवताना पाणी वरपर्यंत हवं आणि नंतर तिला आत ओढून नेणारी सुकती हवी. तनूने आरतीनंतर सगळ्यांसमोर जाहीर केलं : आठ गुणिले अठ्ठेचाळीस, तीनशे चौऱ्याऐंशी, अधिक सव्वीस. सहा वाजून पन्नास मिनिटं.

शेजारचे दाजी खांबाला टेकून सुपारी कातरत होते. गाबतांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या घरातले, पंचाहत्तरीचे. म्हणाले, "आठांचो पाऊणपट सहा. आमचो अर्धो तास. साडेसहा."

"पाऊणपट चुकीची आहे दाजी," तनू म्हणाली. "पौर्णिमेला पाऊण तास कमी पडतो."

"पौर्णिमेक बघू," दाजी म्हणाले. "आज अष्टमी हा."

मला दोन्हीकडून बोलता येईना. घरातल्यांनी मध्यम मार्ग काढला, सव्वासहाला निघायचं. पाऊस उघडला होता. ढोलकी, टाळ, फटाके, आणि पुढे तनू मोबाइलवर वेळ बघत. घाटावर पोचलो तेव्हा सहा पंचवीस. पाणी वरून तिसऱ्या पायरीला. अष्टमीचं पाणी, भांगाचं, म्हणजे कमी चढणारं. उधाणासारखं वर येणारच नव्हतं. तनूने तृतीयेची काठी शोधली, तिच्या खुणांच्या बरीच खाली ओल होती. ती वाकून काठीकडे बघत होती आणि मागे आरती सुरू झाली.

मी दाजींच्या शेजारी उभा होतो. आरतीच्या गोंधळात मला कळलं की रेषा कुठे फसली. भरती रोज सारख्या मिनिटांनी पुढे सरकत नाही. उधाणाच्या आसपास ती थोडी थोडीच उशिरा होते, चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर. भांगात एका दिवसाला तास-सव्वा तासही खाते. सूर्याचा ओढा चंद्राच्या ओढ्यात मिसळतो त्याचा हा परिणाम. अठ्ठेचाळीस हा सगळ्या पंधरवड्याचा सरासरी चढ. खरी ओळ सरळ नाही, सापासारखी आहे. अमावास्येपासून अष्टमीपर्यंतचा तिचा भाग अठ्ठेचाळीसच्या रेषेपेक्षा पाऊणाच्या रेषेला जवळ असतो आणि राहिलेला पाऊण तास ती त्यानंतर भरून काढते. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीचे तक्ते काढतो त्यात असे कितीतरी ओढे एकावर एक रचलेले असतात. शिवाय गड नदीला वरून पावसाचं पाणी येत होतं, त्याचं वेगळंच. आजोंच्या पाऊणपटीत यातलं काय धरलेलं होतं आणि काय आपोआप बसलं, आता विचारायला आजो नाहीत.

"फिरला," दाजी म्हणाले.

पाण्याकडे न बघता म्हणाले. मी बघितलं. हाराची फुलं, कोणीतरी आधीच सोडलेली, जागच्या जागी फिरत होती. तनूने मोबाइल वर केला. सहा चौतीस.

"अजून सोळा मिनिटं आहेत," ती म्हणाली, पण कोणाला उद्देशून नाही.

मूर्ती उचलली गेली. माझा मेहुणा आणि आणखी दोघं कमरेपर्यंत पाण्यात उतरले. तनू काठीजवळ पायरीवर बसलेली, एक हात काठीवर. दाजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "चेडवा, तुझा ता सव्वीस खंयसून इला?"

ती सांगायला लागली. तृतीया, दोन पन्नास, तीन पावलं मागे. दाजी ऐकत होते, मान हलवत होते. मध्येच त्यांनी तिला थांबवलं आणि विचारलं, की अष्टमीचा बिंदू धरून पाऊणाने मागे गेलं तर किती येतात.

तिने मोबाइलवर सहा चौतीसमधून सहा तास वजा केले. मग बोटांवर परत केले. पाण्यात कोणीतरी "पुढच्या वर्षी लवकर या" ओरडत होतं आणि ती चौतीस, चौतीस असं पुटपुटत वहीचं ते शेवटचं पान शोधत होती, जे घरी राहिलं होतं.